नववी मात्रा

पेटीवाल्यानं लॅपटॉपला नावं ठेवू नयेत, एवढं मला कळतं. आमची पेटी तरी कुठं पंढरपूरची? 1842 साली पॅरिसमध्ये द्यबँ नावाच्या गृहस्थानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं. इकडं आल्यावर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरणारी मींड येत नाही, सुरांमधल्या बारीक श्रुती लागत नाहीत म्हणून 1940 पासून 1971 पर्यंत ती आकाशवाणीच्या दाराबाहेरच होती. म्हणून कॉलेजची तीन पोरं क्लासवर येऊन म्हणाली, "सर, गॅदरिंगला पेटी, तबला, बासरी आणि लाइव्ह इलेक्ट्रॉनिक्स करू या की," तेव्हा मी मोठ्या मनानं हो म्हणालो.

म्हणजे आम्ही वाजवायचं, माइकनं ते लॅपटॉपमध्ये न्यायचं, आणि लॅपटॉपनं त्याला हवा तो रंग फासून त्याच क्षणी स्पीकरमधून परत करायचं. 'त्याच क्षणी' हे इंजिनिअरिंगच्या पोराचं म्हणणं. पहिल्या तालमीत तबलजीनं 'धा' मारला आणि स्पीकरनं तो जांभई देऊन मग उच्चारला. "बफर आहे सर," पोरगं म्हणालं. मशीन सेकंदाला आवाजाचे 44,100 तुकडे करतं, 1024 साठले की पुढं ढकलतं. त्यात 23 मिलिसेकंद जातात, आत येताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा. मी कागदावर गणित केलं. एवढ्या वेळात आवाज हवेतून पंधरा-सोळा मीटर जातो. म्हणजे तबलजी माझ्या मांडीला मांडी लावून बसलेला, आणि त्याचा तबला रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवर.

बफर 128 वर आणला. तबला पानपट्टीवरून परत आला, पण लॅपटॉपला दम लागला आणि स्पीकरमधून शेंगा भाजल्यासारखा तडतड आवाज यायला लागला.

तालमी तबलजीच्या घरी, सोलापूरच्या पूर्व भागात. खाली दोन यंत्रमाग, वर आम्ही. तबल्याच्या माइकमधून खालची खटखट स्पष्ट ऐकू यायची. इंजिनिअरिंगचं पोरगं खूश. म्हणे, सर, काय सँपल आहे! ते रेकॉर्ड करायला आम्ही दोघं खाली गेलो, तेव्हा तबलजीच्या वडिलांनी माग थांबवला. घरात तेलुगू बोलणारा माणूस, पण आमच्याशी अस्सल सोलापुरी मराठी. त्यांनी शांतपणे विचारलं, "आमच्या ठेक्यातनं टॉवेल निघतंय. तुमच्यातनं काय निघतंय?"

मी पाणी प्यायला वर गेलो.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात पहिली मारामारी पंख्यांशी. फेब्रुवारी संपत आलेला, म्हणजे सोलापुरात उन्हाळा लागलेला. पण पंखा लावला की बासरीच्या माइकमध्ये वादळ शिरतं. पंखे बंद केले. मग माझ्यासमोरचा स्पीकर पेटीच्या माइककडं तोंड करून बसला होता. माइकनं ऐकलेलं स्पीकरनं सांगायचं, स्पीकरनं सांगितलेलं माइकनं पुन्हा ऐकायचं. वाड्यातल्या दोन जावांसारखं ते वाढत वाढत गेलं आणि अशी शिट्टी फुटली की पहिल्या रांगेतल्या प्राचार्यांनी कान झाकले. स्पीकर वळवला.

शिट्टी थांबली तेव्हा त्याखालची घरघर ऐकू आली. लॅपटॉप एका प्लगवर, मिक्सर दुसऱ्या, अर्थिंगचा घोळ, त्यामुळं विजेची 50 हर्ट्झची गुणगुण सगळ्या सभागृहात. वैतागावं की दाद द्यावी कळेना, कारण ती सुरात होती. पांढरी पाच, म्हणजे पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या जवळ, किंचित चढी. आमचा षड्ज पांढरी एक, म्हणजे हा चक्क पंचम. एखाद्या रागाला तंबोऱ्याचे पैसे वाचले असते. पण आम्ही वाजवणार होतो मालकंस, आणि मालकंसात पंचम वर्ज्य, त्या सुराला बंदीच. हे विजेच्या तारेला कोण सांगणार?

"चार्जर काढतो," पोरगं म्हणालं. गुणगुण कमी झाली. बॅटरी 18 टक्के.

आता पोराच्या पायाखालच्या पेडलबद्दल. एकदा दाबलं की आवाज साठायला लागतो, पुन्हा दाबलं की तेवढाच तुकडा गोल फिरत राहतो. तबलजी आठ मात्रांच्या केरव्याचं एक आवर्तन, म्हणजे एक फेरी वाजवणार, समेवर, पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर, दुसऱ्यांदा पेडल दाबायचं, मग तोच ठेका आपोआप चालू आणि तबलजी वर जलद बोलांच्या लग्ग्या वाजवायला मोकळा. तालमीत बावीस वेळा जमलं होतं. पण रंगमंचावर पोराची नजर बॅटरीवर. धागेनति नकधिन झालं, सम आली, पाय हलला नाही. तबलजी माइकशेजारीच पुटपुटला, "दाब बे!"

त्यानं दाबलं.

त्या क्षणापासून सोलापुरात नऊ मात्रांचा केरवा सुरू झाला. आठ मात्रा ठेका, नववीला चारही स्पीकरमधून, घुमाऱ्यासकट, "दाब बे!" पोरगं बिचारं घाबरून पुन्हा दाबतं. पण तिसऱ्यांदा दाबलं की ते यंत्र थांबत नाही, जुन्यावर नवा थर चढवतं. त्यामुळं पुढच्या आवर्तनापासून सहाव्या मात्रेवर "आता नको बे!" हेही दाखल झालं.

प्रेक्षकांच्या माना आठाच्या हिशोबानं डोलत होत्या. त्या दर फेरीला एक मात्रा पुढं निघत गेल्या. बासरीवाल्या मुलीनं डोळे मिटून एकच षड्ज धरून ठेवला. लोकांना वाटलं समाधी. मी पेटीवर नऊ मोजत होतो आणि भाता दोनदा विसरलो. थांबायचं कसं, हा प्रश्न बॅटरीनंच सोडवला. मध्यमावर होतो, आणि स्पीकरमधलं जग एकदम मुकं झालं. उरलं ते तबल्याचं साधं कातडं आणि माझी पॅरिसची पेटी. कशीबशी तिहाई घेतली. टाळ्या भरपूर पडल्या. मला वाटतं, पंखे लागले म्हणून.

पडद्यामागं तबलजीचे वडील आले. टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "मधी मागासारखा धोटा अडकला होता काय, सर?"

"पेडल अडकलं होतं," मी म्हणालो.

"तेच की."

सोमवारी नेहमीचा क्लास. दुसरीतिसरीतली पोरं, मांडी घालून, टाळ्या वाजवत केरवा म्हणत होती. धागेनति, नकधिन. आठवी मात्रा संपली, मी समेवर यायला हात उचलला, आणि मागच्या सतरंजीवरून दोन बारीक आवाज आले,

"दाब बे!"