पावती फाडली म्हणजे सभासद झाला का?

मागच्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा आमच्या प्राथमिक शिक्षक संघटनेच्या वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन मी आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शाळा फिरत होतो. डोंगराच्या कडेला एक दोनशिक्षकी शाळा आहे. तिथल्या मॅडम २०२४ च्या भरतीतल्या, बुलढाण्याकडच्या. मुलांना खिचडी वाढून होईपर्यंत मी व्हरांड्यात बसलो. मॅडम हात पुसत आल्या, पर्समधून पैसे काढून दिले आणि मी नाव लिहीत असताना म्हणाल्या, "सर, वर्गणीचं काही नाही हो. पण संघटना माझ्या शाळेत येते ती पावती फाडायलाच. माझं काय चाललंय ते अजून कुणी विचारलेलं नाही."

मी पुस्तक मिटलं आणि विचारलं. शालार्थ या ऑनलाइन पगार प्रणालीत नाव चढायला उशीर झाला, त्यामुळे सुरुवातीच्या चार महिन्यांचं मानधन वर्ष उलटलं तरी निघालं नव्हतं. शिक्षण सेवकाला, म्हणजे सुरुवातीला मानधनावर असलेल्या शिक्षकाला, महिन्याला १६ हजार, म्हणजे ६४ हजार रुपये अडकलेले. खोलीभाडं आहे, गाडीचं पेट्रोल आहे, घरी आईवडिलांना पाठवायचे आहेत. माझ्या शाळेपासून ही शाळा नऊ किलोमीटरवर. मी संघटनेचा तालुका पदाधिकारी, आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. हे फार लागलं मला.

शिक्षक बंधू-भगिनींनो, आज जे लिहितोय ते कुणा एका नेत्याविरुद्ध नाही. एकवीस वर्षं मी याच संघटनेत आहे आणि इथेच राहणार आहे. म्हणूनच बोलतोय.

आपली रचना बघा. राज्य कार्यकारिणी, विभाग, जिल्हा, तालुका. नाशिक जिल्ह्यात १५ तालुके. प्रत्येक ठिकाणी अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सरचिटणीस, कोषाध्यक्ष, प्रसिद्धिप्रमुख, आणि पदं संपली की सल्लागार. लेटरहेडची डावी बाजू नावांनी भरून जाते. पण तालुक्याच्या खाली काय? केंद्रात आपला माणूस कोण? दहा-बारा शाळांचं एक केंद्र असतं, महिन्याला शिक्षण परिषदेला सगळे शिक्षक तिथे समोरासमोर बसतात, एकमेकांच्या घरचं दुखणंखुपणं त्यांना ठाऊक असतं. प्रशासनाने केंद्राला केंद्रप्रमुख दिला. आपण तिथे काहीच ठेवलं नाही, एक व्हॉट्सॲप ग्रुप सोडला तर. सुरगाण्याच्या टोकाच्या शाळेतल्या शिक्षकाला नाशिकला जिल्हा परिषदेत यायचं तर अख्खा दिवस जातो, एक रजा जाते. त्याच्यासाठी संघटना म्हणजे नाशिकच्या एखाद्या सभागृहातलं बॅनर.

मार्च २०२३ चा संप आठवा. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळावी म्हणून १४ मार्चला आपण शाळा बंद करून उतरलो. ज्यांना जुनी पेन्शन लागूच आहे तेही उतरले, ते बघून डोळे भरून आले होते माझे. मोर्चात पहिल्या रांगेत होती ती पस्तिशी-चाळिशीतली पोरं. आणि २० तारखेला संध्याकाळी संप मागे घेतल्याचं त्यांना कळलं ते मोबाईलवरच्या बातमीतून. निर्णय बरोबर की चूक, यावर आजही दोन मतं आहेत आणि मी त्या वादात पडत नाही. पण सात दिवस ज्यांनी पगारावर पाणी सोडायची तयारी ठेवली, त्यांना विचारायची आपल्याकडे काही सोयच नव्हती. दुसऱ्या दिवशी शाळेत गेलेली ती पोरं पुढच्या मोर्चाला आली नाहीत. त्यांना दोष द्यायची माझी हिंमत होत नाही.

आमचे एक निवृत्त गुरुजी १९७७-७८ च्या संपाबद्दल सांगतात. सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांचा तो संप ५४ दिवस चालला. फोन नव्हते. निरोप सायकलवर जायचे, नाहीतर एसटीच्या कंडक्टरकडे चिठ्ठी द्यायची. मी त्यांना एकदा विचारलं, इतके दिवस माणसं टिकली कशी? ते म्हणाले, "रोज संध्याकाळी गावागावात कुणीतरी जायचं. ज्याच्या घरात धान्य संपलं त्याचं नाव आम्हाला त्याच दिवशी कळायचं." कुणाच्या घरातलं धान्य कधी संपलं हे माहीत असणं, यालाच मी संघटन म्हणतो. आज सगळ्यांच्या खिशात फोन आहेत आणि नऊ किलोमीटरवरचे ६४ हजार मला कळले नाहीत.

एक गोष्ट प्राथमिकच्या शिक्षकांनी नीट लक्षात घ्यावी. विधान परिषदेत शिक्षकांचे म्हणून ७ आमदार असतात. आपल्या नाशिक विभागाची निवडणूक जून २०२४ मध्ये झाली, पाच जिल्ह्यांचा मतदारसंघ आहे. पण राज्यघटनेच्या कलम १७१ प्रमाणे तिथे मत आहे ते माध्यमिक आणि त्यापुढच्या शिक्षकांना. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकाला ते मत नाही. म्हणजे सभागृहात आपला म्हणावा असा हक्काचा माणूसही आपण निवडू शकत नाही. आपल्याकडे आहे ती फक्त आपली संख्या आणि आपली संघटना. ती पोकळ राहिली तर आपल्या हातात काहीच उरत नाही.

मग काय केलं? मॅडमच्या त्या बोलण्यानंतर आमच्या केंद्रातल्या आम्ही चौघांनी एक साधी वही घातली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. एका पानावर एक काम. शिक्षकाचं नाव, काम काय, अर्ज कधी दिला, आवक क्रमांक किती, फाईल आज कोणत्या टेबलावर, पुढे कुणी कधी जायचं. बस एवढंच. आपल्याकडे निवेदन देतानाचा फोटो निघतो, तो ग्रुपवर पडतो, पन्नास अंगठे येतात आणि निवेदन विसरलं जातं. पोच घेतली का, आवक क्रमांक पडला का, हे कुणी बघत नाही. मॅडमचं पान वहीतलं पहिलं. आम्ही कार्यालयात जाऊन फाईल शोधली तर कळलं की चारपैकी दोन महिन्यांचे हजेरी अहवालच जोडलेले नव्हते, आणि ते जोडा असं त्यांना कुणी कळवलंही नव्हतं. मुख्याध्यापकांनी ते दोन दिवसांत दिले. दिवाळीच्या आधी फरक जमा झाला. मोर्चा नाही, घोषणा नाही. तीन चकरा, एक वही.

वर्षभरात त्या वहीत सदतीस पानं भरली. चट्टोपाध्याय म्हणजे बारा वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचे रखडलेले प्रस्ताव, वैद्यकीय बिलं, सेवापुस्तकात न झालेल्या नोंदी, एनपीएस या नव्या पेन्शन योजनेच्या कपातीचा न जुळणारा हिशोब. एकवीस पानांवर काम झाल्याची लाल रेघ आहे. सगळी कामं होत नाहीत, काही मंत्रालयातच अडकलेली आहेत, तेही त्या पानावर स्पष्ट लिहून ठेवतो. माणसाला "होईल हो" यापेक्षा "इथे अडलंय" ऐकलेलं चालतं.

बैठकीची वेळ बदलली, आणि मला वाटतं सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. पूर्वी बैठक तालुक्याच्या ठिकाणी, संध्याकाळी सहानंतर, जेवणावळीसह. येणारे सगळे पुरुष. आमच्या केंद्रात निम्म्याहून जास्त महिला शिक्षक आहेत आणि त्यांच्यातली एकही कधी आली नव्हती; बॅनरवर मात्र महिला आघाडी असायचीच. आता महिन्यातला एक शनिवार. सकाळची शाळा सुटली की साडेबाराला केंद्रशाळेत, दीड तास, घड्याळ लावून. लहान लेकरं सोबत आणली तरी चालतात, ती बाहेर खेळतात. पहिल्या बैठकीला नऊ जणी आल्या. शाळेतलं मुलींचं स्वच्छतागृह, बीएलओच्या म्हणजे मतदार याद्यांच्या कामात एकटीने पाड्यावर फिरणं, बाळंतपणाच्या रजेतला पगार, हे विषय आमच्या अजेंड्यावर कधी आलेच नव्हते. येणार कसे? ते मांडणारं कुणी त्या खोलीत नव्हतंच.

टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ सप्टेंबर २०२५ ला आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हा, नाहीतर सेवेवर गदा. बाकीच्यांनाही टीईटीशिवाय पदोन्नती नाही. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या माणसांच्या पायाखालची जमीन सरकली. तालुक्याच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता पूर आला होता, कुणी वकील, कुणी अफवा, कुणी शिव्या. आम्ही शनिवारी बसून केंद्रातल्या प्रत्येकाची यादी केली. जन्मतारीख, नेमणुकीची तारीख, टीईटी आहे की नाही. दीड तासात कळलं की आमच्या चौतीस जणांपैकी नेमके किती जण कचाट्यात आहेत आणि कोण सुटले आहेत. चार जणांची भीती त्याच दिवशी गेली, त्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा कमी उरली होती. उरलेल्यांसाठी अभ्यासाला बसायचं ठरलं, आणि शिकवायला पुढे आल्या त्याच मॅडम. नुकतीच परीक्षा देऊन आलेल्या मुलीकडून पन्नाशीचे गुरुजी बालमानसशास्त्र शिकतात, तो वर्ग मी रोज बघतो. न्यायालयात आणि सरकारदरबारी लढायचं ते लढूच, पण हातात यादी असली की लढणाऱ्याचाही आवाज वेगळा लागतो.

माझ्या वरिष्ठांना आता हात जोडून सांगतो. तुम्ही उभं आयुष्य घातलंत, तुमच्या चकरांमुळे आमचे पगार वेळेवर झालेत, हे मी कधी विसरणार नाही. पण एकाच पदावर दोन कार्यकाळांच्या पुढे कुणी राहू नये. प्रत्येक केंद्राने आपला प्रतिनिधी हात वर करून निवडावा, वरून नाव पाठवू नये, आणि तालुका कार्यकारिणी या प्रतिनिधींमधूनच यावी. वर्गणीचा हिशोब वर्षातून दोनदा केंद्राच्या बैठकीत वाचून दाखवावा, चहाच्या बिलासकट. अधिवेशनातल्या शाल-श्रीफळांचा खर्च निम्मा केला तरी एका तालुक्याचा वकिलाचा खर्च निघेल. आणि आंदोलन सुरू करायचं किंवा थांबवायचं असेल तर आधी केंद्रात विचारा. एका शनिवारी पंधराही तालुक्यांतल्या केंद्रांचं मत गोळा होऊ शकतं, आम्ही हे छोट्या प्रमाणावर करून बघितलंय.

काही जण म्हणतात, सभासदच उदासीन आहेत, त्यांना फक्त फायदा पाहिजे. मला नाही पटत. यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, बाकीच्या ऑनलाइन माहित्या, बीएलओ, दोन वर्ग एकत्र शिकवणं, एवढं सांभाळून तीच माणसं शनिवारी भर उन्हात केंद्रशाळेत येऊन बसतायत.

यंदाच्या वर्गणीला जून संपायच्या आत आमच्या केंद्रात सगळ्यांच्या पावत्या झाल्या. पुस्तक मी फिरवलं नाही. मॅडम आता केंद्र प्रतिनिधी आहेत, लाल वही त्यांच्याकडे असते. येत्या शनिवारी साडेबाराला बैठक आहे, शेजारच्या दोन केंद्रांतले शिक्षक वही कशी ठेवायची ते बघायला येणार आहेत. जिल्ह्यातल्या आणखी कुणाला यायचं असेल तर इथे खाली लिहा, जागा सांगतो. जेवणाचा डबा आपापला आणायचा.