‘जुना श्रोता’ यांना उत्तर: चोचले आणि चिपाडं

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, म्हणूनच उत्तर द्यायला चार दिवस लागले. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फ्लॅकबिक (लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता दाबलेली फाईल) हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, ३२०च्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३त आणि त्यात कुणालाही फरक कळत नाही, तुमच्या वडिलांनी रेडिओ सिलोनच्या खरखरीत बिनाका गीतमाला ऐकली तरी त्यांचं काही अडलं नाही आणि ‘झिंगाट’ तर वरातीत डीजेवरच वाजतं, त्याला कसलं आलंय लॉसलेस!

आधी माझी चूक. ‘एमपी३ ऐकणं म्हणजे शिळं खाणं’ हे वाक्य मी लिहायला नको होतं. आगाऊपणा झाला. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर त्याच रात्री मी फूबार या गाणी वाजवायच्या प्रोग्राममध्ये आंधळी चाचणी घेतली. एकच गाणं, एक फ्लॅक, एक ३२०ची एमपी३, कुठलं कुठलं ते लपवलेलं. १६ पैकी ९ वेळा बरोबर ओळखलं. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी जवळपास तेवढंच आलं असतं. तेव्हा ३२०पुरतं तुम्ही जिंकलात.

पण जास्त दाबलेल्या १२८च्या एमपी३ला मी १६ पैकी १५ वेळा ओळखलं, आणि माझे कान काही तरुण नाहीत. ‘पिंजरा’तल्या लावण्या लावून बघा. ढोलकीची थाप पडायच्या किंचित आधी एक पुसट ‘श्श’ येतो. एमपी३ आवाजाचे तुकडे करून त्यातलं ‘कानाला कळणार नाही’ ते टाकून देते. एकाच तुकड्यात आधी शांतता आणि मग एकदम थाप आली की त्या थापेची चूक मागच्या शांततेतही पसरते. घुंगरांचं तर पाण्यात बुडवल्यासारखं होतं. आणि आपल्या पिढीने वर्षानुवर्षं ऐकलं ते हेच. स्टेशनबाहेर ‘१५० गाणी एका सीडीत’ मिळायची आठवतात? चार मिनिटांचं गाणं सीडीवर मुळात ४० एमबीच्या वर भरतं. ते चार एमबीत कोंबल्याशिवाय १५० बसणार कशी?

फ्लॅकचं तसं नाही. गादी गुंडाळून दोरीने आवळायची, सोडली की पुन्हा तेवढीच. एमपी३ गादीतला कापूसच काढते. फ्लॅकने ४० एमबीचे साधारण २५ होतात, बस. चोचल्यांचं म्हणाल तर फ्लॅक २००१पासून फुकट आहे. महागड्या वायरी विकणारे वेगळे, त्यांचं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. ब्लूटूथ नेकबँडवर फ्लॅक वाजवून उपयोग नाही हेही बरोबर, तिथे बहुतेक वेळा आवाज पुन्हा दाबूनच जातो.

‘झिंगाट’बद्दल मात्र भांडतो. ‘सैराट’साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर अख्खा वाद्यवृंद बसवून ध्वनिमुद्रण केलं. त्याच अल्बममधलं ‘याड लागलं’ कुठूनतरी ओरबाडलेल्या, मग कापलेल्या, मग पुन्हा एमपी३ केलेल्या फाईलवर ऐकायचं? प्रत्येक फेरीत थोडा कापूस जातो. वरातीत चालेल हो, वरातीत काहीही चालतं.

आणि उलटी फसवणूकही होते. एका साइटवरून मी पैसे मोजून जुन्या गाण्यांचा ‘लॉसलेस’ संच घेतला. संशय आला म्हणून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या उंच-खोल स्वरांचं चित्र) काढला, तर १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखं काळं. जवळजवळ सगळी गाणी तशीच. एमपी३लाच फ्लॅकचा सदरा घातलेला. चिपाड पुन्हा चरकात घातलं म्हणून रस निघत नाही.

खरं सांगायचं तर माझा हट्ट कानासाठी नाहीच, ठेवण्यासाठी आहे. आईकडे एका जुन्या मराठी चित्रपटाची कॅसेट होती. ती गाणी मला अजून दुसरीकडे कुठेच सापडलेली नाहीत. २००४मध्ये मी ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि हार्ड डिस्क भरत आली म्हणून १२८ची एमपी३ करून मूळ, न दाबलेली वेव्ह फाईल पुसली. पुढच्या दोन पावसाळ्यांत फितीला बुरशी लागली. आता उरलीत ती चार-चार एमबीची गाणी. खरखर कमी करावी म्हणून काहीही लावलं की गाणाऱ्या बाईंचा ‘स’ विरघळतो, कारण टाकून दिलेलं परत आणायचं कुठून? फ्लॅक असती तर त्यातून हव्या तेवढ्या एमपी३ काढता आल्या असत्या.

शेवटी तुम्ही लिहिलंय की माळ्यावर वडिलांच्या कॅसेटींचं खोकं आहे आणि दिवाळीच्या आवराआवरीत ते जाणार आहे. ते तेवढं थांबवा. माझ्याकडे चालू स्थितीतला डेक आहे, हेड साफ केलेलं आहे. कॅसेटींची नावं कळवा. मी उतरवून फ्लॅकमध्ये देतो, नेकबँडसाठी ३२०च्या एमपी३ वेगळ्या काढून देतो.