ओकोनोमियाकी म्हणजे उत्तप्पा नव्हे, आणि तो दाबायचा तर मुळीच नसतो

जपानला निघालेल्यांना एक सल्ला हमखास मिळतो: ‘ओकोनोमियाकी म्हणजे तिथला उत्तप्पा. कोबीचा असतो, म्हणून शाकाहारी. टेबलावरच्या तव्यावर पीठ ओतायचं आणि उलथन्याने दाबून खरपूस भाजायचं.’ यातलं जवळजवळ सगळंच चूक आहे.

‘उत्तप्पा.’ उत्तप्प्यात आंबवलेलं पीठ मुख्य, भाजी वरून. इथे एका वाढणीला साधारण 150 ग्रॅम कोबी आणि जेमतेम 50 ग्रॅम मैदा. पीठ फक्त धरून ठेवायला. आपल्याकडे जोड शोधायचीच तर कांदाभजीची शोधावी.

‘दाबून भाजायचं.’ सगळ्यात जास्त नुकसान याने होतं. ओसाका पद्धतीच्या पिठात किसलेला नागाइमो हा बुळबुळीत कंद आणि अंडं असतं. त्यांनी धरलेली हवा आणि कोबीची वाफ यांमुळे आतला भाग हलका राहतो. दाबलंत की दोन्ही निघून जातात आणि चिवट गोळा उरतो. वाटीतलं मिश्रण तव्यावर ओतायच्या क्षणीच, चमच्याने खालून वर उचलत कालवा. फेटलंत तर मैदा चिकट होतो; कालवून ठेवलंत तर कोबीला पाणी सुटतं. दोन सेंटिमीटर जाड थर ठेवा, कडा गोल करा, वर डुकराच्या मांसाचे पातळ काप पसरा. चार-पाच मिनिटांनी कडा सुकल्या की दोन्ही बाजूंनी उलथनी पार खाली सरकवून एका झटक्यात उलटा. पुन्हा तितकाच वेळ, हात न लावता. आत कच्चं राहत असेल तर आच कमी करा. सॉस शेवटी लावा. त्यात साखर असते, तव्यावर सांडला की लगेच करपतो.

दाबणं हिरोशिमात मात्र चालतं. तिथे मिश्रण नसतंच: पातळ धिरडं, त्यावर कोबीचा ढीग, मांस, नूडल्स, अंडं असे थर. कोबी वाफेने बसला की थर धरावेत म्हणून दाबतात, पण ते काम बहुधा आचारीच करतो. ‘सोबा’ म्हणजे एरवी कुट्टूच्या नूडल्स, पण इथल्या ‘सोबा’ गव्हाच्याच असतात.

‘शाकाहारी.’ वर हलणाऱ्या तपकिरी पापड्या म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाचे काप. ‘कात्सुओबुशी नुकी’ म्हटलंत तर ते घालणार नाहीत. पण पीठ ज्या दाशीत, म्हणजे जपानी सारात, कालवलेलं असतं, ती बहुतेक ठिकाणी याच माशाची. मोची (चिकट तांदळाचा गोळा) आणि चीजचा प्रकार मागवला तरी ती दाशी असतेच. म्हणून मासे न खाणाऱ्यांनी पिठाबद्दल आधी विचारावं.