शेवटच्या बाकावरची मानाची जागा

परूश्याचं, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातल्या त्या माणसाचं, नेमकं कुठं चुकलं, ते आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात, येशूनं सांगितलेल्या गोष्टीत तो मंदिरात उभा आहे. इतर माणसं लुबाडणारी, अधर्मी, व्यभिचारी आहेत. त्यांच्यासारखा किंवा या जकातदारासारखा मी नाही, म्हणून देवा तुझे आभार, असं म्हणतोय. पुढं हिशेबही देतो: आठवड्यातून दोनदा उपवास, सगळ्या मिळकतीचा दशांश. यातलं काही खोटं होतं, असं गोष्टीत कुठंही म्हटलेलं नाही. मोशेच्या नियमशास्त्रानं लावून दिलेला उपवास वर्षाकाठी एकच, प्रायश्चित्ताच्या दिवसाचा. हा गृहस्थ शंभराच्या वर करत होता. माणूस कष्टाळू होता, चुकलं ते तंत्र. त्यानं आपला मोठेपणा सरळ चांगुलपणावर उभा केला. असलं बांधकाम उघड्यावर करायचं नसतं. मोठेपणा नम्रतेच्या पायावर उभारावा, म्हणजे तो पाडायला कोणाचा हात धजत नाही.

तेव्हा तुम्ही जकातदाराची जागा घ्या. कर वसूल करणारा, सगळ्यांच्या लेखी पापी, पण गोष्टीत देवाला पटला तो हाच. दूर, मागं, नजर खाली, हात छातीवर. ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ एवढंच, प्रार्थना आखूड असली की खोल वाटते. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसा आणि पुढच्या रांगेतलं कोणीतरी वळून ‘अहो, पुढं या ना’ म्हणेपर्यंत धीर धरा. म्हणालं, की मान हलवून सांगा, ‘नको नको, मी इथंच बरा.’ आवाज असा ठेवा की मधल्या चार बाकांना ऐकू जावा. मेजवानीत अगदी खालच्या जागी बसा, म्हणजे यजमान ‘मित्रा, वर येऊन बैस’ म्हणेल, हे तर खुद्द प्रभूनंच सांगितलंय. तिथं त्याला काय म्हणायचं होतं हा प्रश्न वेगळा. आपण त्यातली बैठकव्यवस्था तेवढी उचलायची. धोका एकच, कोणी पुढं बोलावलंच नाही तर. मग त्या दिवशी घरी जाऊन म्हणावं, मंडळीत पूर्वीसारखं प्रेम राहिलं नाही.

पापाची कबुली द्यावीच लागते, त्याशिवाय नम्रतेला रंग चढत नाही. पण ती ठोकीत द्यावी, किरकोळीत नाही. ‘मी महापापी आहे’ हे कुठंही, कधीही म्हणायला हरकत नाही. प्रेषित पौलानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिताना स्वतःला पाप्यांतला मुख्य म्हटलंय, तेव्हा सोबतही चांगली आहे. मात्र ‘परवा मी चारचौघांत बायकोचा पाणउतारा केला आणि चूक माझी होती’ हे वाक्य तोंडातून जाता कामा नये. आणि दुसऱ्या कोणाच्या तोंडून आलं तर? समजा, तुम्ही नुकतंच म्हणालात, ‘माझ्याइतका पापी कोणी नसेल हो,’ आणि समोरचा शांतपणे म्हणाला, ‘खरंय. त्या निधीच्या हिशेबात तुम्ही जरा गडबड केलीत, त्याबद्दल बोलायचंच होतं.’ कानाच्या पाळ्या कशा तापतात, बघा मग. महापापी असणं वेगळं आणि हिशेबात गडबड करणं वेगळं. पहिल्यात इभ्रत आहे.

या बाबतीत जॉन न्यूटनचा कित्ता गिरवू नका. सुरुवात त्याची उत्तम होती. १७४८ मध्ये भर समुद्रात वादळानं जहाज बुडायला आलं, तेव्हा या इंग्रज खलाशानं देवाचा धावा केला. वाचला, शिवीगाळ सोडली, बायबल वाचायला लागला. आणि मग गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान झाला. वर खलाशांसाठी रविवारची उपासना, खाली साखळदंडात जखडलेली माणसं. दोन्हींच्या मध्ये फळ्यांची एक तक्तपोशी. चिलट गाळून घ्यायचं आणि उंट गिळायचा तो असा, घशाला न लागता. १७५४ मध्ये त्यानं समुद्र सोडला, तोही प्रकृती बिघडली म्हणून. पुढं पाळक झाला, स्तोत्रं लिहिली, नाव झालं. इथं थांबायला काय हरकत होती? पण १७८८ मध्ये त्यानं एक पुस्तिका काढली आणि त्या व्यापारात काय काय चालायचं, आपण स्वतः त्यात कसे होतो, हे छापून टाकलं. चक्क किरकोळीत. देवाला पहिली हाक मारल्यावर चाळीस वर्षांनी! इतकी छान जमून आलेली साक्ष माणूस आपल्या हातानं अशी नासवतो.

चहाडी मात्र करू नका. पवित्र शास्त्रात तिला सक्त मनाई आहे. तिच्या जागी प्रार्थनेचा विषय मांडा. प्रार्थनासभेत सगळे गोलाकार बसलेत, डोळे मिटलेले. आधी एक लांब उसासा सोडा. मग: ‘प्रभू, आमच्या त्या बहिणीला सांभाळ. मी नाव घेत नाही, प्रभू, तू तिला ओळखतोस.’ कोणी हलत नाही, पण खुर्च्यांची करकर थांबते. ‘गेले तीन रविवार ती दिसली नाही, प्रभू. तिच्या थोरल्या मुलाचं तर तुला ठाऊकच आहे.’ इथं जरा थांबा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांची सोय पुढच्या वाक्यात करा. ‘त्याची नोकरी कशामुळं गेली तेही तू जाणतोस, आणि ते पैसे कुठं गेले तेही... प्रभू, त्या घराला खरं बोलायची बुद्धी दे.’ सर्वज्ञ देवाला एवढा तपशील कशाला पुरवायचा, असं कोणी विचारत नाही, कारण सगळ्यांना ‘आमेन’ म्हणायची घाई असते. (मी एकदा अशा वेळी हळूच डोळे उघडून पाहिलं होतं, चेहरे कसे दिसतात म्हणून. समोरच्या बाईंचेही उघडेच होते. दोघांनी झटकन मिटून घेतले.) सभा संपल्यावर त्या बहिणीच्या घरी जाऊ नका, फोनही करू नका. तिच्यासाठी प्रार्थना झालेली आहे.

क्षमेचंही असंच काहीसं. ज्यानं खरोखर तुमचं नुकसान केलं आणि जो ते मान्य करतो, त्याला क्षमा करण्यात खर्च फार आणि दिसतं कमी. त्यापेक्षा, आपण काही केलंय हेच ज्याच्या गावी नाही असा माणूस शोधा. उपासना सुटल्यावर दारापाशी त्याचा हात हातात घ्या, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवा आणि म्हणा, ‘ब्रदर, त्या गोष्टीबद्दल मी तुम्हाला केव्हाच क्षमा केलीय.’

‘कुठल्या गोष्टीबद्दल?’

‘जाऊ द्या. मी ते वधस्तंभापाशी ठेवून आलो.’

आणि निघून जा. तो बिचारा चार रात्री तळमळत पडेल, तुम्हाला मात्र गाढ झोप लागेल.

वचनं भरपूर पाठ असू द्यात. कुसळ-मुसळाचं तर हवंच. कोणाला ऐकवायचं त्यांची नावं वाचतानाच सुचत जातात. याकोबाच्या पत्रात वचनाला आरसा म्हटलंय. आरसा धरायचीही एक रीत असते. थोडा तिरका धरला की आपण दिसत नाही, मागच्या बाकावरचा दिसतो.

उपवासाबद्दल फार सांगत नाही. तोंड उतरवू नका, डोक्याला तेल लावा, हे मत्तयच्या शुभवर्तमानात आहेच. पण ढोंगाचा काटा काढायची एक झकास युक्ती पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांनी आपल्यासाठी लिहून ठेवलीय. ‘दिदाखे’ नावाची एक फार जुनी शिकवण आहे. तिच्यात सांगितलंय, ढोंगी लोकांबरोबर उपवास धरू नका. ते सोमवारी आणि गुरुवारी धरतात, तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी धरा. वार बदलला, ढोंग संपलं! त्या वारांना पुढं प्रभूच्या धरून दिलं जाण्याचा आणि मरणाचा अर्थ जोडला गेला, पण तो अर्थ कामाला लागला की युक्तीत मजा राहत नाही.

जुन्या संतांचं वाचनही बेतानंच ठेवा. सहाव्या शतकात बेनेडिक्टनं मठासाठी नियम लिहिले. त्यातल्या सातव्या अध्यायात नम्रतेच्या १२ पायऱ्या आहेत. हा अध्याय उपयोगी आहे. आपण कितव्या पायरीवर पोचलो ते मोजता येतं, शेजारचा कितव्यावर रखडलाय तेही कळतं. पण मग १२व्या शतकात क्लेअरव्होचा बर्नार्ड येतो आणि तोच जिना उलटा लावून गर्वाच्या १२ पायऱ्या मांडतो. आणि पहिलीच पायरी कुठली? कुतूहल. नजर स्वतःवरून उठून दुसऱ्यांवर भिरभिरायला लागणं. शेवटी वर कबुली देतो, की चढण्यापेक्षा घसरणंच मला जास्त ठाऊक आहे, म्हणून तेच लिहिलं. असलं पुस्तक हाताला येईल असं ठेवू नये.

त्याहून अवघड माणूस म्हणजे चौथ्या शतकातला, इजिप्तच्या वाळवंटातला मोशे. पूर्वाश्रमीचा दरोडेखोर, नंतर स्केतीस इथला साधू. तिथं एका बंधूच्या हातून काही चूक घडली आणि न्याय करायला सभा बसली. मोशेला बोलावणं गेलं, तो येईना. सगळे खोळंबलेत असा पुन्हा निरोप गेला, तेव्हा उठला आणि एक गळकं मडकं पाण्यानं भरून घेऊन निघाला. लोक सामोरे आले, तर याच्या मागं वाळूत ओल्या थेंबांची रेघ. ‘अब्बा, हे काय?’ तो म्हणाला, माझी पापं अशी माझ्या मागं गळत चाललीत, मला ती दिसत नाहीत. आणि आज मी दुसऱ्याच्या चुकीचा न्याय करायला आलोय. झालं! त्या बंधूला कोणी काही बोललं नाही, क्षमा करून मोकळे झाले. ना चौकशी, ना ठराव, ना कोणाला काढून टाकायचा आनंद. अशा माणसाला कुठल्याही समितीवर घेऊ नका. घ्यावंच लागलं, तर दारातच त्याच्या हातातलं भांडं तपासा.

राहता राहिला प्रश्न जागेचा. शेवटच्या बाकावर हल्ली गर्दी फार. लवकर गेलं तरी कोणीतरी आपल्याहून नम्र माणूस आधीच कोपरा धरून बसलेला असतो. अशा वेळी लूकच्या १५व्या अध्यायातल्या थोरल्या भावाची जागा बघा. ती ऐसपैस आहे. धाकटा सगळं उधळून परत आलाय. बापानं त्याला झगा, अंगठी, जोडा दिलाय, पुष्ट वासरू कापलंय. थोरला शेतातून येतो, वाद्यांचा आणि नाचाचा आवाज ऐकतो, चाकराला विचारतो आणि रागावून बाहेरच थांबतो. बाप स्वतः बाहेर येऊन विनवण्या करतो. त्यावर थोरला काय म्हणतो, ते लिहून ठेवण्यासारखं आहे. इतकी वर्षं चाकरी केली, एक आज्ञा मोडली नाही, आणि मित्रांबरोबर मजा करायला मला कधी करडूही मिळालं नाही. चाकरानं ‘तुमचा भाऊ आलाय’ म्हणून सांगितलं होतं; हा ‘भाऊ’ म्हणतच नाही, ‘हा तुमचा मुलगा’ म्हणतो. आणि या तुमच्या मुलानं पैसे कसबिणींवर उडवले, असंही सांगतो. जरा मागं जाऊन पाहा: धाकट्यानं संपत्ती उधळली एवढंच गोष्टीत आलेलं आहे, कसबिणींचं नावसुद्धा नाही. तेवढा तपशील यानं शेतातून येता येता पुरवला. आमच्या प्रार्थनासभेत चमकला असता!

पुढं तो आत गेला की नाही, ते लूक सांगत नाही. तुम्हीही जाऊ नका. या, मी थोडं सरकून घेतो. बाहेर जरा गारठा आहे, पण इथून आत कोण कोण नाचतंय ते अगदी स्पष्ट दिसतं.