कार्डिनल मायकल चेर्नी यांच्या क्रूसाविषयी खुलासा

‘लाकडी क्रूस घालणारे कार्डिनल मायकल चेर्नी स्वतः लहानपणी होडीतून लाम्पेदुसा बेटावर उतरले आणि त्याच होडीच्या फळीचा क्रूस आजही गळ्यात वागवतात’, असा मजकूर छायाचित्रासह फिरत आहे (कार्डिनल म्हणजे कॅथलिक चर्चमधील पोपखालोखालचे धर्मगुरू). मीही तो चार दिवसांपूर्वी पुढे पाठवला होता, म्हणून ही दुरुस्ती.

क्रूसाचे लाकूड होडीचेच आहे. परंतु ती होडी भूमध्य समुद्र ओलांडून लाम्पेदुसा या इटलीच्या बेटावर आलेल्या अलीकडच्या स्थलांतरितांची. चेर्नी यांचा जन्म १९४६ साली चेकोस्लोव्हाकियातील बर्नो येथे झाला आणि १९४८ मध्ये, ते जेमतेम दोन वर्षांचे असताना, त्यांचे कुटुंब जहाजाने कॅनडाला गेले. घोटाळा बहुधा त्यांच्या कार्डिनलपदाच्या मानचिन्हामुळे झाला असावा: त्यावर होडीत बसलेले चौघांचे कुटुंब आहे आणि चिन्हाच्या प्रसिद्ध झालेल्या स्पष्टीकरणात निर्वासितांबरोबरच चेर्नी कुटुंबाच्या त्या प्रवासाचाही उल्लेख आहे. दोन होड्यांची एक झाली, ती अशी.

मजकुरात त्यांचे काम मात्र आलेलेच नाही. १९८९ मध्ये एल साल्वादोर देशाची राजधानी सान साल्वादोर येथील विद्यापीठात सहा येशूसंघीय (जेझुइट या कॅथलिक संघाच्या) धर्मगुरूंची हत्या झाल्यावर ते तेथील मानवाधिकार संस्थेत कामाला गेले. पुढे आफ्रिकेत एड्सग्रस्तांसाठी झटणाऱ्या येशूसंघीयांचे जाळे त्यांनी उभारले, आणि २०१७ पासून व्हॅटिकनच्या स्थलांतरित व निर्वासित विभागाची धुरा वाहिली. पोप फ्रान्सिस यांनी त्यांना ५ ऑक्टोबर २०१९ रोजी कार्डिनल केले.

जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नये. ज्यांना तो माझ्याकडून मिळाला, त्यांनी हा खुलासा त्याच गटांत टाकावा.