कॅरोलिनीवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन: मी टाकलेल्या फोटोतलं झाड 'निओरेजेलिया कॅरोलिनी' (ब्रोमेलियाडची, म्हणजे अननसाच्या कुळातली, एक ब्राझिली जंगली जात) नाही, आणि संकर ब्रोमेलियाड म्हणजे रंगवलेली खेळणी, लावायची तर मूळ जंगली जातच लावावी. पहिला मुकाट मान्य. दुसऱ्यावर भांडायचं आहे.

चूक अशी झाली. फुलायच्या वेळी मधली पानं लालभडक झाली, मधल्या पानांच्या पाणी साचणाऱ्या वाटीतून जांभळी फुलं डोकावली आणि मी नाव ठोकून दिलं. काल एक पान उजेडात धरलं, तर त्यावर तपकिरी-लाल ठिपके! कॅरोलिनीचं पान साधं हिरवं असतं. म्हणजे आईबापांपैकी एक ठिपकेवाला, माझा संशय निओरेजेलिया मार्मोराटा या ठिपकेदार जातीवर. मधली लाली संकरातही उतरते, तिथेच फसले. फोटोखाली आता 'नर्सरीतला संकर' एवढंच लिहिलंय.

पण खेळणी? 'फॉस्टर्स फेवरिट' हा संकर बघा: चकचकीत गडद लाल पानं, खाली लोंबणारा फुलोरा. फ्लोरिडाच्या मलफर्ड फॉस्टर यांनी एक्मिया व्हिक्टोरियाना आणि एक्मिया रासिनी या दोन ब्राझिली जातींतून ते केलं. हा माणूस ब्राझीलची जंगलं पायी तुडवून आलेला, आणि 'रासिनी' हे नाव त्यांच्या बायकोच्या नावावरून. जंगलाशी वैर असणाऱ्याचं हे काम नव्हे.

घोळ नावांचा होतो तो वेगळ्याच कारणाने. बागेतल्या वाणाचं नाव पिल्लाबरोबर (आईझाडाच्या बुडाशी फुटणाऱ्या नव्या रोपाबरोबर) जातं, बीबरोबर नाही. अननसही ब्रोमेलियाडच, तुरा किंवा पिल्लू लावलं की तेच अननस येतं. कॅरोलिनीच्या 'ट्रायकलर' या पट्टेदार वाणाचं बी पेरलं तर मात्र रोपांत तेच पट्टे उतरतील याचा भरवसा नाही. पिल्लंही कधी दगा देतात. माझ्याकडे एक अख्खं पांढरंशुभ्र आलं होतं. हौसेने आईपासून कापलं. हरितद्रव्यच नाही, खाणार काय? महिनाभरात गेलं बिचारं.

वाटीतल्या पाण्यात डास होतात असंही लिहिलंत, ते खरं. आठवड्याला वाटी उपडी करून ताजं पाणी भरते.

आणि ब्राझीलच्या जंगलातून कोणी उपटून आणलेली 'मूळ जात' मला फुकटही नको. बागेत वाढलेली खरी कॅरोलिनी तुमच्याकडे असेल, तर आई फुलून गेल्यावर एक पिल्लू माझ्यासाठी ठेवा. बदल्यात माझं ठिपकेवालं देते, चिठ्ठीवर नाव न लिहिता.