सापेक्षतावादाचा पोल आणि आमच्या आप्पांचं पान 37

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर टँकरचा मेसेज असेल म्हणून मोबाईल उघडला तर पोल! 'आईनस्टाईनचा सापेक्षतावाद बरोबर आहे का? हो / नाही / सांगता येत नाही.' पार्किंगच्या पोलला कधी 15 च्या वर मतं पडत नाहीत, याला दुपारपर्यंत 41. आणि 'नाही' पुढे. बी विंगच्या लिफ्टचं काय करायचं ते 3 वर्षं ठरत नाहीये, पण अवकाश-काळाचा निकाल आम्ही जेवायच्या आत लावला.

पोलच्या आधी अर्थातच फॉरवर्ड. त्यात काय, तर आपल्या नारळीकरांनी 1964 सालीच आईनस्टाईनला खोटं पाडलं होतं आणि गोऱ्यांनी ते दाबलं. वाचून डोकंच फिरलं. अरे, दाबलं कुठे, त्या वर्षी जगभरच्या पेपरांत ते झळकलं होतं, पुढच्या वर्षी पद्मभूषण मिळालं! फ्रेड हॉईल हे इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आणि नारळीकर यांनी मिळून गुरुत्वाकर्षणाचा वेगळा सिद्धांत मांडला हे खरंय, नारळीकर तेव्हा पंचविशीत होते. पण त्यांच्या समीकरणांतून मोठ्या प्रमाणावर आईनस्टाईनचीच समीकरणं परत मिळतात. खोटं पाडणं याला नाही म्हणत. त्याच नारळीकरांनी पुढे सापेक्षतावाद शिकवणारी पुस्तकं लिहिली. आणि बिग बँग, म्हणजे विश्व एका महास्फोटातून सुरू झालं हे म्हणणं, पटलं नाही तर आयुष्यभर त्याच्याशी भांडले, पण कसे, तर गणित मांडून, निरीक्षणं दाखवून, सगळी बिरादरी विरोधात असताना. मे 2025 ला गेले बिचारे, आता त्यांच्या नावावर काहीही खपवा, विचारतंय कोण.

मी ग्रुपवर एवढंच लिहिलं की हा मतदानाचा विषय नाही. तर पोलवाले काका म्हणाले, "ताई, प्रश्न विचारणं हाच तर विज्ञानाचा पाया ना?" वर 9 अंगठे. चीड याची आली की वाक्य बरोबर आहे.

कारण प्रश्न विचारणारा माणूस मी घरात बघितलाय. आमचे आप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पाटबंधारे खात्यात अनुरेखक, म्हणजे नकाशे-आराखडे आखणारे. साताऱ्याच्या घरात माडीवर तिरकं टेबल, टी-स्क्वेअर, आणि फुलस्केप वही, तिच्यावर सुवाच्य अक्षरात 'सापेक्षतावादाचे खंडन'. हो, आमचे आप्पा पण आईनस्टाईनला चुकीचं ठरवायला निघाले होते! त्यात गोविंदा आणि गोपाळ हे जुळे भाऊ. गोपाळ स्टेशनवर थांबतो, गोविंदा महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसतो, आणि ही महालक्ष्मी सेकंदाला 2,40,000 किलोमीटर वेगाने निघते (इंजिनाचं चित्र इतकं सुंदर की विचारू नका, अगदी बफरसकट). गोविंदा जाऊन परत येतो तेव्हा गोपाळची 10 वर्षं झालेली, गोविंदाची 6 च. वेगात पळणाऱ्याचा काळ हळू चालतो, हे आईनस्टाईनचं म्हणणं. आप्पांचा सवाल असा की गोविंदाच्या खिडकीतून बघितलं तर गोपाळच पळतोय, मग गोपाळची 6 व्हायला नकोत का? दोघंही एकमेकांपेक्षा लहान कसे?

हसू नका. हर्बर्ट डिंगल नावाचा इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ, ज्याने स्वतः सापेक्षतावादावर पुस्तक लिहिलं होतं, तो म्हातारपणी जवळपास याच मुद्द्यावर अडला आणि शेवटपर्यंत हटला नाही.

मी मात्र हसले होते. बारावीत होते, फिजिक्सला बरे मार्क पडत होते, सगळं कळतं असं वाटायचं वय. आप्पा पदरचे पैसे मोडून वहीच्या प्रती काढायचे, रजिस्टर पोस्टाने मोठमोठ्या संस्थांना पाठवायचे, आणि पोस्टमन दिसला की दाराशी जाऊन उभे राहायचे. कोणीही उत्तर द्यायचं नाही. (हे पण लिहून ठेवते, शास्त्रज्ञ मंडळींचा हा माज असतोच, नाही म्हणत नाही.)

तर ग्रुपवर परत. एकाने लिहिलं, शास्त्रज्ञ आईनस्टाईनविरुद्ध बोलायला घाबरतात. घाबरतात?? 2011 ला युरोपात न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा 60 नॅनोसेकंद लवकर पोचले असं मोजमाप आलं, तर त्या लोकांनी स्वतःच जगासमोर मांडलं की बाबांनो आमचं काय चुकतंय ते बघा. निघाली एक केबल नीट न बसलेली. आणि 1977 ला जीपीएसच्या तयारीत अमेरिकेने एनटीएस-2 उपग्रह सोडला तेव्हाची गोष्ट तर मला फार आवडते. वर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून वेगाने होणारा उशीर वजा करूनही वर गेलेलं घड्याळ दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे पळेल असं आईनस्टाईनचं गणित. काहींचा विश्वास बसेना. मग त्यांनी काय केलं, पोल घेतला? नाही! घड्याळात दुरुस्तीची सोय ठेवली पण बंद ठेवली, आणि 20 दिवस नुसतं बघत बसले. घड्याळ पळालं, जवळजवळ सांगितलं होतं तेवढंच. मग सोय चालू केली. संपला वाद. (जीपीएस रोज 10 किलोमीटर चुकलं असतं हे जे सगळीकडे फिरतं त्याला जरा तिखटमीठ लावलंय, सगळ्याच उपग्रहांची घड्याळं सारखी पळतात त्यामुळे बरीचशी चूक आपसात कटते, मान्य. पण पळतात ना?)

आणि आपल्याच हिंगोलीत औंढा नागनाथजवळ 4-4 किलोमीटरच्या दोन हातांची लायगो वेधशाळा होतेय, 2023 ला 2,600 कोटी मंजूर झालेत, ते काय नागनाथाच्या दर्शनाची रांग मोजायला? ज्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळातली थरथर, ती पकडणार त्या आईनस्टाईनच्याच समीकरणांतून निघाल्यात, आणि अमेरिकेत 2015 ला त्या सापडल्या पण.

बरं, सापेक्षतावाद म्हणजे शेवटचा शब्द नाही हे मलाही माहितीये, क्वांटमशी, म्हणजे अणूंच्या जगाच्या नियमांशी, त्याचं जमत नाही आणि कृष्णविवराच्या पोटात त्याचं गणित कोलमडतं. एवढं म्हणाला असतात काका, तर मी चहाला बोलावलं असतं.

आता चिडून इतकं लिहिल्यावर आठवलं, 1920 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या फिलहार्मोनिक सभागृहात सापेक्षतावादाविरुद्ध जाहीर सभा भरली होती. कारण गणित कमी आणि आईनस्टाईन ज्यू हे जास्त. आईनस्टाईन स्वतः जाऊन प्रेक्षकांत बसला, आणि 3 दिवसांनी संतापून पेपरात उत्तर छापलं. नंतर मित्रांनीच त्याला ऐकवलं की कशाला तोंडी लागलास. म्हणजे मी जे आत्ता करतेय तेच. काकांचं आणि त्या सभेचं काही नातं नाही हं, आमचे काका साधे आहेत, गणपतीच्या वर्गणीचा हिशोब पैशापैशाने देतात.

आप्पांचं सांगायचं राहिलं. एका प्राध्यापकांचं शेवटी उत्तर आलं. साधं पोस्टकार्ड. मजकूर इतकाच: आकृती 14 मध्ये गोविंदा परतीची गाडी पकडतो, ती वेगळी गाडी आहे, आपण तिला पहिलीच गाडी धरले आहे, कृपया पुन्हा हिशोब करावा. घरात पाहुणे होते. मी कार्ड मोठ्याने वाचलं आणि म्हटलं, "आप्पा, लागला तुमचा निकाल." सगळे हसले. आप्पांनी कार्ड खिशात घातलं आणि माडीवर गेले.

3 दिवस जेवायलाच काय ते खाली. चौथ्या दिवशी मला हाक मारली. जाताना गोविंदाच्या हिशोबाने गोपाळची 1.8 वर्षं होतात, येताना 1.8, मिळून 3.6. मग 10 कशी? गाडी बदलताना गोविंदाचा 'आत्ता' बदलतो, म्हणजे गोपाळकडे या क्षणी किती वर्षं झालीत हा त्याचा हिशोबच बदलतो, आणि उरलेली 6.4 तिथे सापडतात! आप्पांनी स्वतः काढलं हे, मला बारावीच्या दिवट्या फिजिक्सवालीला तोपर्यंत ओ की ठो कळलं नव्हतं. इतका आनंद त्यांच्या तोंडावर मी नंतर कधी बघितला नाही. म्हणाले, "अगं, बरोबर आहे की तो!" जसा काही आईनस्टाईन त्यांच्याच ऑफिसातला ज्युनियर.

पान 37 वर लाल शाईने लिहिलंय: 'चूक माझी.' खाली सही, तारीख. आणि टी-स्क्वेअरने आखलेली परतीची महालक्ष्मी, दुसऱ्या नंबरचं इंजिन घालून.

माफी मागायची राहूनच गेली. 2003 ला गेले.

वही माळ्यावरच्या ट्रंकेत असणार. उद्या काढते, पान 37 चा फोटो कमेंटमध्ये टाकते, आणि वही घेऊन काकांकडे जाऊन बसते, बघू कुठवर टिकतात. शेजारीपाजारी कोणी हे वाचत असेल तर शिडी धरायला या, आमची शिडी हलते.